रूप पालटणारे यंत्रमानव आणि संग्राहकाची ओसरती हौस

संग्रहाच्या नादाविषयी जे लिहिले जाते त्याचा बहुतेक भाग तो नाद कसा लागतो याच्या चिकित्सेने व्यापलेला असतो. परंतु संग्रह जिथल्या तिथे असताना, प्रकृती व मिळकत दोन्ही शाबूत असताना, नव्या खरेदीची ओढ तेवढी कशी विझत जाते, या प्रश्नाच्या वाट्याला फारशी जागा येत नाही. प्रस्तुत प्रकरणात त्याचा विचार एका विशिष्ट वर्गाच्या उदाहरणाने करावयाचा आहे. १९८४ साली ज्या अमेरिकन मुलांचे वय सहा-सात वर्षांचे होते, ज्यांनी दुकानाच्या फळीवर तांबड्या रंगाचा मालवाहू ट्रक पाहिला आणि घरी आणून त्याचे मोजके सांधे फिरवताच त्यातून हातपाय असलेला यंत्रमानव उभा राहतो हे स्वतःच्या बोटांनी अनुभवले, ती मुले आज पन्नाशीला टेकली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी हाती स्वतःचा पैसा आल्यावर हा नाद नव्याने जवळ केला, खोल्या भरल्या, काचेची कपाटे करून घेतली. आणि आता त्यांच्यातील बरेच जण असे सांगू लागले आहेत की नव्या खेळण्याची पेटी टपालाने येते, टेबलावर पडते, आणि आठवडे लोटले तरी ती फोडावी असे वाटत नाही.

वय झाले, एवढे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही, कारण हा नाद मुळी प्रौढ वयातच पुन्हा लागलेला असतो. खेळण्यांचा दर्जा घसरला असेही म्हणवत नाही. आजचा यंत्रमानव गुडघ्यात वाकतो, मनगटात फिरतो, आणि १९८४ सालच्या ठोकळ्याशेजारी ठेवला असता शिल्पासारखा दिसतो. औदासीन्याचे मूळ शोधावयाचे तर या खेळण्यांच्या जन्मकथेतच शिरावे लागते.

ट्रान्सफॉर्मर्स या नावाने जगभर गाजलेली ही खेळणी मूळची अमेरिकेची नव्हेत. जपानच्या ताकारा कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ नावाची मालिका काढली. तीत पुढे मोटारी, ट्रक व विमाने यांचे यंत्रमानव होऊ लागले; परंतु ते स्वतः सजीव मानलेले नसून केवळ वाहने होती, आणि ती हाकण्यासाठी पायांत लोहचुंबक बसविलेले, बोटाच्या पेराएवढे चालक सोबत मिळत. त्याच कंपनीच्या ‘मायक्रोमॅन’ मालिकेची ‘मायक्रो चेंज’ ही शाखा १९८३ साली निघाली व तिची कल्पना याहून अगदी निराळी होती: कॅसेटचे यंत्र, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल अशा नित्याच्या वस्तू जवळजवळ त्यांच्या खऱ्या आकारात बनवावयाच्या आणि त्यांच्यातून यंत्रमानव काढावयाचे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानातल्या हॅस्ब्रो कंपनीने या दोन्ही घराण्यांतील साचे परवान्याने घेतले आणि एकाच नावाखाली, एकाच कथेत आणून बसविले. या व्यवहारात मध्यस्थी केल्याचे श्रेय हेन्री ओरेनस्टाइन या खेळण्यांच्या संशोधकास दिले जाते. पोलंडमध्ये जन्मलेला, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेला हा गृहस्थ अमेरिकेत येऊन मुलांची खेळणी शोधून काढण्यात आयुष्य वेचतो, हे विसाव्या शतकातील अनेक नवलांपैकी एक होय.

दोन घराण्यांच्या या सोयरिकीच्या खुणा खेळण्यांवर कायमच्या राहिल्या. ऑप्टिमस प्राइम हा नायक ट्रक होतो आणि मेगाट्रॉन हा त्याचा समबल प्रतिनायक मात्र आपल्या साथीदाराच्या हातात मावेल असे वॉल्थर जातीचे पिस्तूल होतो, ही जी विलक्षण विषमता कथालेखकांना जन्मभर सांभाळावी लागली, तिचे कारण एवढेच की एक डायाक्लोनमधून आला होता व दुसरा मायक्रो चेंजमधून. त्याचप्रमाणे अमेरिकन मुलाच्या हाती पडलेल्या मोटारीचे छप्पर उचलले की आत चालकाची रिकामी आसने दिसत. नव्या कथेत यंत्रमानव स्वतःच सजीव ठरल्यामुळे चालकाला रजा मिळाली होती, पण साच्यातून त्याची बैठक काढण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

चालकाच्या जागी आला तो स्वभाव, आणि या खेळण्यांच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना होय. हॅस्ब्रोने मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे या निर्जीव साच्यांना नावे, गुणदोष व पूर्ववृत्त देण्याचे काम सोपविले. नायकाचे नाव डेनिस ओनील यांनी सुचविले, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावे व चरित्रे बॉब बुडियान्स्की या संपादकाने अत्यंत अल्प मुदतीत लिहून काढली. पेटीच्या पाठीवर प्रत्येकाची जणू सेवापुस्तिकाच छापलेली असे: बळ किती, बुद्धी किती, वेग किती, धैर्य किती, याचा आलेख आणि खाली चार ओळींचा दाखला. हा आलेख उघड्या डोळ्यांना नीट वाचता येत नसे. त्यासाठी पेटीत तांबड्या रंगाची पारदर्शक पट्टी दिलेली असे. मुलाने ती डोळ्यांसमोर धरावी, गुप्त दप्तर वाचल्याचा आनंद घ्यावा, आणि तेवढ्यात हे प्लास्टिकचे बाहुले त्याच्या ओळखीचे होऊन जावे, अशी ही तजवीज होती.

म्हणजे या व्यापारात प्रथमपासून दोन निरनिराळ्या वस्तू एकाच किमतीत विकल्या जात होत्या. एक होती हातांना मिळणारे कोडे, जे जपानी रचनाकारांच्या कौशल्यातून आलेले होते. आणि दुसरी होती एका व्यक्तीची ओळख, जी न्यूयॉर्कच्या एका कचेरीत टंकयंत्रावर तयार झाली होती. माझ्या मते संग्राहकाच्या ओसरत्या हौसेचे सारे रहस्य या दोन वस्तूंच्या भिन्न आयुर्मर्यादेत आहे.

या ओळखीला घराघरांत पोचविण्याचे साधन दूरचित्रवाणीने पुरविले, आणि तेही ऐन मुहूर्तावर. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९६९ साली ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यांतल्या मोटारींवर बेतलेल्या चित्रमालिकेविरुद्ध आलेली तक्रार मान्य करून, कार्यक्रमाच्या मिषाने केलेली जाहिरात ती जाहिरातच होय, असा पवित्रा घेतला होता. परंतु १९८० नंतरच्या मुक्त व्यापाराच्या वाऱ्यात ही बंधने सैल झाली व १९८४ साली जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादाच आयोगाने उठविल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ट्रान्सफॉर्मर्सची चित्रमालिका सुरू झाली. बाजारात अशी खेळणी एकट्या हॅस्ब्रोचीच होती असे नव्हे; टोंका कंपनीची ‘गोबॉट्स’ ही मालिकाही जपानच्याच बांदाई कंपनीच्या साच्यांवरून निघाली होती व काही काळ तिने चांगला जम बसविला होता, परंतु तिच्या यंत्रमानवांना तसा स्वभाव लाभला नाही. पुढे १९९१ साली टोंका कंपनीच हॅस्ब्रोने खरीदली. एकाच जातीच्या कोड्यांपैकी कोणती टिकली व कोणती लोपली, हे पाहिले म्हणजे व्यक्तिरेखेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

कारखानदाराला मात्र ते मोल कळले होते असे दिसत नाही, निदान १९८६ पर्यंत तरी. त्या वर्षी या पात्रांचा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. नव्या सालाचा माल फळीवर आणावयाचा तर जुन्या मालाला जागा सोडावी लागते, या दुकानदारी शिरस्त्याला अनुसरून त्यात जुन्या पात्रांची सरसकट कत्तल करण्यात आली व ऑप्टिमस प्राइम यालाही पडद्यावर मरण आले. चित्रगृहांतून मुले रडत बाहेर पडली, पालकांची गाऱ्हाणी आली, आणि १९८७ साली चित्रमालिकेत त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. कंपनीच्या वहीत जो माल होता तो मुलांच्या लेखी सोबती होता. याच चित्रपटात युनिक्रॉन नावाचा, ग्रहाएवढा, इतर ग्रहांना गिळणारा खलनायक होता, आणि त्याला आवाज दिला होता ऑर्सन वेल्स यांनी, ज्यांचे निधन चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच १९८५ साली झाले. त्याचे खेळणे मात्र त्या वेळी बाजारात आलेच नाही. ते यावयास २००३ साल उजाडले.

नंतरच्या काही वर्षांचा इतिहास पाल्हाळाने सांगण्याचे कारण नाही. १९९० साली रूपच न पालटणारे यंत्रमानव विकण्याचा अजब प्रयोग झाला आणि अमेरिकेतील मूळ मालिका आटोपली. १९९३ साली तिचा दुसरा अवतार आला व गेला. १९९६ साली ‘बीस्ट वॉर्स’ने मोटारींच्या जागी पशू आणले, तेव्हा आपला नायक गोरिला झालेला पाहून जुन्या मंडळींनी फार आदळआपट केली, आणि मग त्याच मालिकेच्या कथानकावर ती लुब्ध झाली. मधल्या काळात, १९९४ साली, इंडियाना संस्थानातील फोर्ट वेन येथे संग्राहकांचे ‘बॉटकॉन’ हे पहिले संमेलन भरले. म्हणजे मुलांनी पाठ फिरविल्यावर प्रौढांनी या खेळण्यांचे पालकत्व पत्करले होते.

हे नवे गिऱ्हाईक ओळखून २००३ साली ताकाराने ‘मास्टरपीस’ ही प्रौढांसाठी खास मालिका सुरू केली व तिचा पहिला मान अर्थातच ऑप्टिमस प्राइमला दिला. धातू व प्लास्टिक यांचा तो भारदस्त पुतळा म्हणजे बालपणीच्या नायकाची अखेरची, निर्णायक प्रतिमा, अशीच अनेकांची समजूत झाली. मग २०११ साली त्याच मालिकेत तोच नायक अधिक प्रमाणबद्ध होऊन आला, आणि २०१९ साली तिसऱ्यांदा, चित्रमालिकेतील आकृतीशी आणखी जवळीक साधून आला. मुख्य मालिकेत निरनिराळ्या आकारांत निघालेल्या त्याच्या आवृत्त्यांची तर गणती करणेच व्यर्थ. तोच साचा रंग बदलून दुसऱ्या नावाने विकण्याचा प्रघात तर पहिल्या वर्षापासूनचा आहे. मेगाट्रॉनच्या ताफ्यातील तीन लढाऊ विमाने एकाच साच्यातून निघाली होती व केवळ रंगांवरून ओळखली जात.

येथे दनी दिदेरो या फ्रेंच विचारवंताच्या एका निबंधाची आठवण होते. १७६९ च्या सुमारास लिहिलेल्या त्या निबंधात भेट मिळालेल्या नव्या अंगरख्यामुळे आपले जुने टेबल, जुनी खुर्ची, भिंतीवरची जुनी चित्रे सारी कशी केविलवाणी दिसू लागली व एकेक करून ती बदलण्यात आपण कसे नागवलो, याचे वर्णन आहे. संग्राहकाच्या कपाटात नेमके हेच घडते. २०११ चा नायक आला की २००३ चा नायक बेढब दिसू लागतो. नायक बदलला की त्याच्या शेजारचे साथीदार उंचीला विजोड ठरतात, आणि मग साऱ्या पलटणीचीच नवी भरती करावी लागते. परंतु दिदेरोच्या नुकसानीहून निराळे एक नुकसान या संग्राहकाचे होते. ‘अखेरची प्रतिमा’ म्हणून घेतलेली वस्तू दोनदा-तीनदा रद्दबातल ठरल्यावर, चौथी वस्तूही काही वर्षांनी रद्द होणारच, हे तो घेण्यापूर्वीच जाणतो. आणि जी गोष्ट तात्पुरती आहे असे आधीच ठाऊक आहे तिच्यासाठी जीव टाकणे माणसाला कठीण जाते.

मेंदूचे शास्त्रही याला पुष्टी देते, जरी अशा पुष्टीला आवश्यकतेहून अधिक महत्त्व देण्याची आजची रीत मला फारशी रुचत नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ या शरीरशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित होतात. पण थेंबापूर्वी ठराविक खूण दाखविण्याचा परिपाठ ठेवला की काही काळाने त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देतात आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी निवांत राहतात. आता आजच्या खरेदीची पद्धत पाहावी. खेळण्याची छायाचित्रे महिनोन् महिने आधी प्रसिद्ध होतात, आगाऊ मागणी नोंदविली जाते, मुदत पुढे ढकलली जाते, आणि पेटी दारात येईपर्यंत तिच्या प्रत्येक सांध्याचे चलच्चित्र गिऱ्हाइकाने पाहून ठेवलेले असते. आनंदाचा हप्ता तो आधीच उचलून बसलेला असतो; पेटीतून निघते ती पावती. पूर्वी दुकानाच्या कोपऱ्यात अवचित सापडण्याचा योग तरी असे, परंतु २०१८ साली ‘टॉइज आर अस’ची अमेरिकेतील दुकाने बंद पडल्यावर तोही दुर्मीळ झाला.

किमतीचा मुद्दा गौण आहे, तथापि तो सोडून देता येत नाही. ‘डिलक्स’ या मधल्या वर्गाचे जे खेळणे २००७ च्या सुमारास दहा डॉलरांना मिळे, तेच पुढे पंचवीस डॉलरांच्या घरात गेले, आणि यातील काही भाग महागाईचा असला तरी सगळा नव्हे. दुसऱ्या टोकाला २०१९ साली हॅस्ब्रोने युनिक्रॉनची सत्तावीस इंच उंचीची आवृत्ती आगाऊ वर्गणीवर जाहीर केली: किंमत सुमारे ५७५ डॉलर, आणि किमान ८,००० वर्गणीदार मिळाल्यासच काम हाती घ्यावयाचे. मुदत संपत आली तरी आकडा भरेना, तेव्हा ती वाढवावी लागली व मगच मजल गाठली गेली. सतरा वर्षे ज्याची वाट पाहिली त्या खलनायकाचे पहिले खेळणे २००३ मध्ये आले होते, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी जाहीर झालेली त्याची ही भव्य आवृत्ती घ्यावी की न घ्यावी याचा खल करण्यात भक्तांना मुदतवाढ लागावी, यात औदासीन्याची सारी कैफियत आली.

आणखी एक शत्रू कपाटातच दबा धरून असतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व पुढील दशकात काही यंत्रमानवांसाठी धातूची चमकी मिसळलेले सोनेरी प्लास्टिक वापरले गेले. ते कालांतराने इतके ठिसूळ होते की सांधा फिरवताच त्याचा चुरा होतो, आणि यातून पेटीत मोहोरबंद ठेवलेला नगही सुटत नाही. त्यावर औषध नाही. पांढरे प्लास्टिक प्रकाशाने व उष्णतेने पिवळे पडते; त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रयोग करतात, पण पिवळेपणा बहुधा परत येतो. ज्याने चिरकाल टिकणारी मालमत्ता म्हणून हा संग्रह केला त्याला एके दिवशी कळते की आपण नाशवंत मालाची बेगमी केली होती. खरेदीला खीळ घालण्यास हे ज्ञान पुष्कळ असते.

आपल्याकडील वाचकांस या साऱ्याचा संबंध दूरचा वाटेल. परंतु हॅस्ब्रोच्याच ‘जी. आय. जो’ या सैनिकबाहुल्या गोव्यात कारखाना असलेली फनस्कूल कंपनी भारतात काढीत असे, आणि मूळ रंगसंगतीहून निराळ्या, काही वेळा चमत्कारिकच रंगांत निघालेल्या त्या भारतीय प्रती अमेरिकन संग्राहक आवर्जून मिळवितात. ज्यांची हौस मुख्य मालिकेतून उडालेली असते असे कित्येक अशा आडबाजूच्या वस्तूंकडे वळतात, कारण तेथे अजून अनपेक्षिताला वाव असतो.

वर म्हटलेल्या दोन वस्तूंकडे आता परत येऊ. कोडे हे सुटेपर्यंतच कोडे असते. मास्टरपीस मालिकेतील अवघड यंत्रमानवाचे रूप पालटावयास प्रथम अर्धा तास लागतो, दुसऱ्यांदा पाव तास, आणि तिसरी वेळ बहुधा येतच नाही, कारण एखादा नाजूक खिळा मोडेल ही भीती कुतूहलावर मात करते. म्हणून कोड्याच्या ओढीने आलेल्या माणसाला सदैव नवे कोडे लागते व तो दीर्घकाळ गिऱ्हाईक राहतो. व्यक्तीच्या ओढीने आलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला भेटावयाचे असते ते सहाव्या वर्षी ओळख झालेल्या विशिष्ट वीस-पंचवीस जणांना; ते सारे कपाटात येऊन उभे राहिले की त्याचे काम संपलेले असते. पुढे तो जी दहा-बारा वर्षे खरेदी करीत राहतो ती सवयीने, सोबतीने, आणि संच अपुरा राहील या धास्तीने. धास्ती गेली की खरेदी थांबते. याला नादाचा ऱ्हास म्हणणे म्हणजे विहिरीला पाणी लागल्यावर खणणे थांबविणाऱ्यास आळशी म्हणण्यासारखे आहे. त्याला ऱ्हास म्हणणे सोयीचे जाते ते कारखानदाराला, ज्याच्या ताळेबंदात समाधानी गिऱ्हाइकासाठी रकाना नसतो.

तेव्हा अशा अवस्थेत सापडलेल्या वाचकास, त्याचा संग्रह यंत्रमानवांचा असो की आणखी कशाचा, एवढेच सुचवावेसे वाटते की घाईघाईने सर्व संग्रह विकून टाकू नये, कारण एकाच वयाची पिढी एकाच वेळी विकावयास निघाली म्हणजे भाव पडतात व मागाहून हळहळ उरते. नवी आगाऊ मागणी नोंदविणे वर्षभर थांबवावे. कपाट उन्हाच्या वाटेतून हलवावे, विजेऱ्यांवर चालणाऱ्या खेळण्यांतील विजेऱ्या काढून ठेवाव्यात, दुबार नग ओळखीच्या मुलांना देऊन टाकावेत. आणि विकत घेतल्यापासून ज्याला हात लागलेला नाही असा एखादा यंत्रमानव बाहेर काढून त्याचे रूप स्वतःच्या हातांनी पालटून पाहावे. मात्र त्याचा सांधा सोनेरी प्लास्टिकचा असेल तर तेवढा मोह आवरावा.